घाण्यामागे पळीभर तेल

शिंदखेडा तालुक्यातल्या मेथी गावाचे नाव अलीकडच्या काळात वर्तमानपत्रांत आले ते सौर प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनींमुळे आणि त्यांच्या मोबदल्यामुळे. त्याच्या कितीतरी आधी ते इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक झाले होते ते तिथल्या एका शिलालेखामुळे. देवगिरीचा यादव राजा कृष्ण, ज्याला कान्हरदेवही म्हणत, त्याच्या काळातला, शके ११७६ चा, म्हणजे इ.स. १२५४ चा हा लेख. यादवांचा इतिहास लिहिणारे मेथीकडे वळतात ते वंशावळीसाठी. कोण कोणाचा मुलगा, कोणी कोणाला हरवले, एवढे टिपून घेतले की त्यांचे काम झाले. ज्या गावात तो लेख कोरला गेला त्या गावाचे काय, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. खानदेशातल्या बहुतेक खेड्यांची हीच गत आहे. गावात जुनी शिळा असते, देवळाचे दगड असतात, पण इतिहास म्हणून हाती येतो तो देवगिरीचा, दिल्लीचा किंवा बुऱ्हाणपूरचा. गावाच्या वाट्याला फक्त स्थळाचे नाव उरते. या प्रकरणाचे म्हणणे असे की लहान गावाचा मध्ययुगीन इतिहास राजांच्या नावांत शोधण्यापेक्षा गावाच्या देण्यात शोधावा. कोणी, कोणाला, कशाचे, किती आणि कुठल्या मापाने द्यायचे, याची रुक्ष नोंद हीच गावाची खरी बखर असते. ज्या ओळी आपण कंटाळून सोडून देतो, त्याच ओळींत गाव असते.

हे म्हणणे तपासण्यासाठी आधी थोडे लांब, पोर्तुगालच्या उत्तर भागात जाऊ. तिथे एका चर्चभोवतीच्या वस्तीला फ्रेगेझिया म्हणतात, आणि आपल्याकडे जशी ग्रामपंचायत तसे तिथे ते स्थानिक कारभाराचे सर्वांत लहान एकक आहे. २०१३ मध्ये सरकारने कित्येक फ्रेगेझिया एकमेकांत मिसळल्या, तेव्हा चार हजारांहून अधिक असलेली त्यांची संख्या तीन हजारांच्या थोडी वर येऊन ठेपली. त्यांतल्या पुष्कळ खेड्यांना नाव घेण्याजोगी लढाई नाही की राजवाडा नाही. तरीही आपले गाव तेराव्या शतकात कसे होते हे ती सांगू शकतात, कारण १२२० मध्ये दुसऱ्या अफोन्सो राजाने आणि १२५८ मध्ये तिसऱ्या अफोन्सोने आपली माणसे खेडोपाडी पाठवून चौकश्या केल्या होत्या. गावच्या पाद्र्याला आणि जाणत्या माणसांना शपथेवर विचारले जाई : इथले चर्च कोणाच्या ताब्यात आहे, कुठली जमीन राजाची, तिच्यावर काय देता, आणि कोण देत नाही? राजाला रस होता तो वसुलीत. गावाचा इतिहास लिहून ठेवावा असे त्याच्या मनातही नव्हते. पण वसुलीसाठी केलेली ती चौकशीच आज त्या खेड्यांचे पहिले चरित्र ठरली आहे. गंमत अशी की पोर्तुगीज भाषेत ‘फ्रेगेश’ या शब्दाचे दोन अर्थ होतात : चर्चच्या हद्दीत राहणारा माणूस आणि दुकानात येणारा ग्राहक. गावकरी आणि गिऱ्हाईक एकाच शब्दात बसले आहेत. १२५८ म्हणजे मेथीच्या लेखानंतर अवघी चार वर्षे. यादवांनी गावोगाव अशी शपथेवरची चौकशी करून ठेवलेली आपल्या हाती नाही. तरी तिच्या जवळ जाणारा एक दगड खानदेशात आहे, आणि तो पोर्तुगालच्या १२५८ च्या नोंदींपेक्षा निम्म्या शतकाने जुना आहे.

तो दगड पाटण्याचा. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. पाटणादेवी म्हणून चंडिकेचे देऊळ प्रसिद्ध आहे, गौताळ्याचे अभयारण्य आहे, वर डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. आज तिथे जाणारा एक तर नवस फेडायला जातो किंवा पावसाळ्यात धबधबा पाहायला. बाराव्या शतकात मात्र हे निकुंभ घराण्याचे ठाणे होते. हे निकुंभ यादवांचे मांडलिक, आणि सोळाशे गावांचे धनी म्हणवणारे. देवीच्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६० च्या दशकात प्रकाशात आणला, आणि पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडिताने तो नीट संपादून छापला. लेखाचा मोठा भाग संस्कृत पद्यात आहे. त्यात ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचे घराणे पिढ्यानुपिढ्या सांगितले आहे. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैतुगीने आपल्या दरबारी नेले, आणि नातू चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून पाटण्यात मठ स्थापला. शके ११२८ च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, निकुंभ राजा सोइदेव याने हातावर पाणी सोडून त्या मठाला दान दिले. ज्योतिषाच्या मठाला ग्रहणाच्या मुहूर्तावर दान, हा योग जुळवून आणलेला असणार. गणिताचा इतिहास लिहिणारे इथवर वाचतात आणि थांबतात, कारण भास्कराचार्यांची वंशावळ त्यांच्या हाती पडलेली असते.

लेख मात्र इथे थांबत नाही. शेवटच्या काही ओळींत त्याची भाषाच बदलते. स्तुती, वंश, विद्या हे सगळे संस्कृतात सांगून झाल्यावर, मठाचा खर्च कशातून चालायचा हे सांगायची वेळ येते तेव्हा कोरणारा मराठीत येतो. ही ज्ञानेश्वरीच्या आधीची, सुमारे आठ दशके जुनी मराठी. या पाटणात जो माल विकायला निघेल त्याला तो ‘केणे’ म्हणतो. अशा मालाच्या व्यवहारात गिऱ्हाइकाकडून जो हिस्सा राजाकडे जात असे तो आता मठाला दिला आहे. पोफळांचा, म्हणजे सुपाऱ्यांचा हिशेब पाच-पाच नगांनी आहे. गावात जितके घाणे चालतील त्यांच्यामागे प्रत्येकी पळी-पळी तेल मठाला द्यायचे. इथे जे काही मापले जाईल ते मठाच्या मापाने मापायचे, आणि त्या मापाईतला अर्धा वाटा मठाचा, अर्धा ‘मापहाऱ्या’चा. हा मापहारी कोण हे दोंडाईच्याच्या मार्केट यार्डात माल घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. बाजार समितीचा मापाडी हा त्याचाच वारस. हिशोबपट्टीवर हमाली आणि तोलाई असे जे रकाने असतात त्यांची पूर्वजओळ पाटण्याच्या दगडावर आठशे वर्षांपूर्वी कोरलेली आहे. पळी हे माप म्हणूनही पाहण्यासारखे आहे. तेलाचा कर शेकड्याने सांगितलेला नाही, कारण घाण्यावर किती तेल निघाले याचा रोज हिशेब कोण ठेवणार? घाणा मात्र लपत नाही. तो मोजता येतो, त्याची कुरकुर गल्लीपलीकडे ऐकू येते. म्हणून घाण्यामागे एक पळी. वसुली सोपी, भांडण कमी. हे शहाणपण ग्रंथातले नव्हे, बाजारातले. आणि भाषा का बदलली याचे उत्तरही इथेच आहे. भास्कराचार्यांचे पांडित्य तेल्याला कळले नाही तरी मठाचे काही अडत नव्हते; पण पळीभर तेल द्यायचे आहे हे त्याला कोणी वाचून दाखवले, तर ते त्याच्याच बोलीत असायला हवे होते. मराठी इथे दगडावर आली ती देण्याघेण्याच्या निमित्ताने.

या चार ओळींनी एक जुना समज मोडतो. १८३० मध्ये चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या गावांना लहान लहान प्रजासत्ताके म्हटले. आपल्याला हवे ते सगळे आपल्यातच असणारी, राजे आले-गेले तरी न बदलणारी गावे, असे ते चित्र. ते इंग्रजांना सोयीचे होते, आणि पुढे आपल्यालाही आवडले. पण पाटण्यात सुपारी विकली जात होती, आणि सुपारी खानदेशच्या काळ्या जमिनीत पिकत नाही; ती घाट चढून किनाऱ्याच्या बाजूने आलेली असणार. तिथे गिऱ्हाईक होते, विकणारा होता, दोघांच्या मधे माप धरणारा होता, आणि हे माप कोणाचे असावे यावर राजाचा शब्द चालत होता. राजाने दिले ते हिऱ्यामोत्यांचे दान नव्हते. आपल्या बाजारातल्या उत्पन्नाचा एक हिस्सा त्याने मठाकडे वळवला. म्हणजे ग्रहगणिताची शाळा तेल्याच्या घाण्यावर आणि वाण्याच्या तागडीवर चालणार होती. अशा गावाला स्वयंपूर्ण म्हणणे कठीण आहे. न बदलणारे म्हणणे तर त्याहून कठीण. आजचे खानदेशी ताट घ्या : वांग्याच्या भरतात हिरवी मिरची आणि शेंगदाणे नसतील तर ते भरीतच नव्हे. पण मिरची काय, भुईमूग काय, दोन्ही अमेरिका खंडातली पिके. मिरची भारतात आली ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांबरोबर. मिरचीचा बाजार म्हणून नावाजलेले दोंडाईचा सोइदेवाच्या काळात मिरचीवाचून होते, आणि पाटण्याच्या घाण्यावर शेंगदाणा पडणे शक्य नव्हते. तिळासारखी इथली जुनी गळिताची धान्येच तिथे गाळली जात असणार. गावातले बदल असे ताटापर्यंत पोचतात, पण कुठलीही वंशावळ ते नोंदवत नाही.

यावर पहिला आक्षेप सहज येईल. पाटणे हे सोळाशे गावांच्या धन्याचे ठाणे. त्याच्या लेखावरून लहान गावाविषयी बोलणे म्हणजे शहराचा दाखला खेड्याला जोडणे नव्हे काय? आक्षेप बरोबर आहे, आणि त्यातूनच या विषयातली महत्त्वाची गोष्ट पुढे येते. गावाचा लहानपणा ही त्याची मूळ प्रकृती नसते. कित्येकदा तो त्याच्या इतिहासाचा परिणाम असतो. तापीच्या उत्तर काठावरचे थाळनेर पाहा. आज ते शिरपूर तालुक्यातले एक गाव. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकीला थाळनेर आणि करवंद यांची जहागीर दिली. करवंदही आज शिरपूरजवळचे खेडेच आहे. या दोन नावांपासून खानदेशच्या फारुकी सल्तनतीची सुरुवात झाली. मलिक राजा १३९९ मध्ये वारला. त्याची आणि त्याच्यामागून आलेल्या सुलतानांची थडगी थाळनेरात आहेत, त्यांतल्या एका अष्टकोनी थडग्यावरचे नक्षीकाम आजही थांबून पाहावे असे. त्याचा मुलगा नसीरखान याने असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवले, आणि राज्याचा गाभा तापीवरून वर सरकला. थाळनेर लहान होऊ लागले ते तेव्हापासून. तरीही वाट चालूच होती. सतराव्या शतकात ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणाऱ्या रस्त्यावरचे मुक्काम लिहून ठेवले. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो असे तो सांगतो. मग नंदुरबार, आणि पुढे थाळनेरच्या आधी ‘सेंकेरा’ असे नाव येते. अभ्यासक ते शिंदखेडाच मानतात. आज सुरत–भुसावळ लोहमार्ग साधारण त्याच दिशेने शिंदखेड्यावरून जातो. म्हणजे शिंदखेडा तालुका कोपऱ्यात पडलेला नव्हता. समुद्राकडून दख्खनच्या आणि उत्तरेच्या बाजारांकडे जाणाऱ्या एका मोठ्या वाटेवर तो होता. राजधानी हलली, वाट बदलली, ठाणे उठले की गाव आक्रसते. पोर्तुगालच्या फ्रेगेझियाही अशाच आक्रसल्या. फरक इतकाच की त्या एकमेकांत मिसळल्याची नोंद राजपत्रात झाली, आपल्याकडच्या गावांच्या आक्रसण्याची झाली नाही.

दुसरा आक्षेप गावातूनच येईल. गावाला आपला इतिहास ठाऊक आहे, त्यासाठी दगड वाचायची गरज काय? देऊळ हेमाडपंताने बांधले, किंवा पांडवांनी एका रात्रीत उभे केले, कोंबडा आरवला म्हणून कळस राहून गेला : अशा कथा खानदेशात गावोगाव आहेत आणि त्या टाकाऊ मुळीच नाहीत. आपले देऊळ आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातचे नव्हे, त्याहून फार जुने आहे, ही त्यातली जाणीव खरीच असते. पण कथा काळ सांगू शकत नाही, आणि काळ चुकला की कार्यकारणही चुकते. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री पंडित, महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा करणाधिप. महादेव गादीवर आला १२६१ च्या सुमारास. पाटण्याच्या महादेव मंदिरातला शिलालेख शके १०७५ चा, म्हणजे ११५३ चा आहे. ते मंदिर निकुंभ राजा इंद्रराजाने सुरू केले आणि त्याच्या मुलाच्या, गोवनाच्या काळात पुरे झाले. हेमाडपंत कारभारात येण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी ज्याला आपण हेमाडपंती म्हणतो तशी बांधणी खानदेशात उभी होती. मग हेमाडपंती हा शब्द टाकून द्यावा का? बांधणीची एक रीत, दगडावर दगड चुन्याशिवाय बसवण्याची, दाखवायला तो उपयोगी आहे. बांधणाऱ्याचे नाव म्हणून तो वापरू नये, एवढेच. नाहीतर एका मंत्र्याच्या नावाखाली इंद्रराज जातो, गोवन जातो, आणि गोवन लहान असताना राज्य सांभाळणारी त्याची आई श्रीदेवीही जाते. ही श्रीदेवी त्या लेखात स्पष्ट आहे. कथेने तिची आठवण ठेवली नाही, दगडाने ठेवली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. देण्याची नोंद करणारा हा घेणारा असतो. तो गावाकडे पाहतो तो गवळी गाईकडे पाहतो तसा. जो काही देत नाही, किंवा ज्याच्याकडून घेण्यासारखे काही नाही, तो त्या नोंदीत येतच नाही. पाटण्याच्या लेखात घाणा आहे, पण घाण्याचा बैल हाकणारा पोरगा नाही. तीळ आहेत असे धरले तरी ते निंदणारी बाई नाही. आणि सातपुडा-सातमाळ्याच्या रानांत राहणारा भिल्ल तर नाहीच. हे सगळे खरे आहे. पण याचा अर्थ देण्याच्या नोंदी सोडून द्याव्यात असा होत नाही. त्या शेवटपर्यंत आणि तिरप्या नजरेने वाचाव्यात असा होतो. प्रशस्ती लिहिणारा कवी खोटे बोलू शकतो, कारण त्याला राजा मोठा दिसायला हवा असतो. वसुलीचा नियम लिहिणारा घाण्याबद्दल खोटे बोलणार नाही. नसलेल्या घाण्याचे तेल मिळत नाही. म्हणून त्याच्या लेखणीतून त्याला न सांगायच्या गोष्टीही निसटतात. मठाच्या मापानेच मापायचे असे बजावावे लागले, याचा अर्थ मठाचे सोडून दुसरी मापेही त्या बाजारात असू शकत होती आणि लोक ती वापरतील अशी शंका होती. कायद्यात जे बजावले जाते ते बहुधा कोणीतरी मोडत असते. आणि जिथे वसुलीची नोंद नाही तिथे त्याच जातीची दुसरी साधने आहेत. महानुभावांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त आणि त्यांच्या वास्तव्याच्या जागा ‘स्थानपोथी’त नोंदल्या. देऊळ गावाच्या कुठल्या दिशेला, दार कुठल्या तोंडाचे, याचा तिथे बारीक तपशील आहे. हाही एक प्रकारचा हिशेबच, फक्त देण्याऐवजी भक्तीचा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी घरोघरचे कागद गोळा करून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापली. १९२६ मध्ये धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच उभे राहिले. वतनाचा वाद, हक्काचा महजर, देण्याची पावती यांना राजांच्या पत्रांइतके मोल आहे, ही दृष्टी खानदेशात बाहेरून आणावी लागत नाही.

तेव्हा आपल्या गावाचा इतिहास हवा असलेल्याने सुरुवात कुठून करावी? शिळेवरचे राजाचे नाव वाचून झाल्यावर खालच्या, झिजलेल्या, बहुधा मराठी ओळी वाचाव्यात. शेतांची जुनी नावे विचारावीत; मढीचे शेत, देवाचा मळा अशा नावांच्या तळाशी कुठले तरी दान दडलेले असू शकते. सातबाऱ्यावर देवस्थान इनामाचा शेरा असेल तर त्याची कागदपत्रे मागे मागे शोधावीत. बाजाराचा वार कुठला, नदीला उतार कुठे, पांझरा तापीला मिळते त्या मुडावदच्या अंगाने वाट कुठे जात होती, हे म्हाताऱ्या माणसांकडून समजून घ्यावे. यातून राजघराणे सापडणार नाही, गाव सापडेल. आणि जे जुन्या दगडाला लागू तेच आजच्या कागदालाही. ज्या भूसंपादनामुळे मेथीचे नाव पुन्हा छापून आले, त्या व्यवहारात जमिनीबरोबर विहिरी मोजल्या जातात, पाइपलाइन मोजली जाते, बांधावरची झाडे मोजली जातात, त्यांची वये आणि किमती लिहिल्या जातात. आणि त्या आकड्यांवरून वाद होतो. आज तो कागद कोणाला इतिहास वाटत नाही. पण आठशे वर्षांनी कोणी मेथीचा इतिहास लिहायला बसले, तर त्याने मंत्र्यांच्या नावांची कोनशिला जरा बाजूला ठेवून आधी तो पंचनामा उघडावा. कोणाच्या बांधावर किती आंबे होते, हे त्या पंचनाम्यालाच माहीत असेल.